मज्जेतील बीज



२१ सप्टेंबर १९७१ रोजी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरी डेव्हिड व्हेटर जन्मला आणि काही क्षणांतच त्याला निर्जंतुक प्लॅस्टिकच्या कक्षात ठेवण्यात आले. त्याचा थोरला भाऊ सात महिन्यांचा होऊन गेला होता. तोच दोष यालाही असण्याचा धोका डॉक्टर जाणून होते. या व्याधीत रोगाशी झुंजणाऱ्या पेशी निपजतच नाहीत. साधे पडसेही प्राणावर बेतू शकते. ‘बुडबुड्यातील मुलगा’ हे वृत्तपत्रांनी त्याला दिलेले नाव काहीसे क्रूरच म्हणावे लागेल.

उपाय नव्हता असे नाही. अस्थिमज्जेतील मूलपेशी रक्तातील सर्व पेशींना जन्म देतात. निरोगी भावंडाची मज्जा जुळली, तर त्या मूलपेशी रोग्याच्या हाडांत रुजून नवी प्रतिकारशक्ती उभी करतात. मिनेसोटात डॉ. रॉबर्ट गुड यांनी १९६८ सालीच हे करून दाखविले होते. डेव्हिडच्या बहिणीची मज्जा मात्र जुळेना. मुलगा कक्षातच वाढला, शिकला. पुढे न जुळणारी मज्जाही अपायकारक पेशी वगळून देण्याची रीत निघाली आणि ऑक्टोबर १९८३ मध्ये बहिणीचीच मज्जा त्याला देण्यात आली. तिच्यात एक विषाणू दडलेला होता. निरोगी देहात तो बहुधा निमूट पडून असतो. डेव्हिडच्या देहात त्याने कर्करोग उत्पन्न केला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्याला बाहेर आणले, तेव्हा कुठे मातेचा उघडा हात त्याच्या अंगाला लागला. २२ फेब्रुवारीला तो गेला. वय बारा वर्षे.

मग दाताच नको, रोग्याच्याच मूलपेशी दुरुस्त कराव्यात, असा विचार पुढे आला. पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात आलँ फिशर आणि मारिना काव्हाझाना-काल्व्हो यांनी १९९९ मध्ये तो प्रयोग आरंभिला. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर निर्दोष जनुक लादून तो मूलपेशींत सोडायचा आणि त्या पेशी बाळाला परत द्यायच्या. मुले सुधारली, घरी गेली. परंतु २००२ मध्ये एकाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे आढळले. नवे जनुक नेमके पेशींची वाढ चेतविणाऱ्या दुसऱ्या जनुकाशेजारी जाऊन बसले होते. त्या प्रयोगातील चार मुलांना हा रोग झाला, एक दगावले. डॉक्टरांनी हे झाकले नाही, प्रयोग थांबविला. उरलेली मुले आईवडिलांच्या मांडीवर वाढली, हेही पारड्यात टाकलेच पाहिजे.

२०१९ मध्ये मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयाने, शेजारच्या जनुकांना डिवचू नये अशी रचना केलेला वाहक वापरून ८ अर्भकांवर केलेल्या उपचाराचे आशादायक निष्कर्ष प्रसिद्ध केले. अशा मुलांवर पंधरा वर्षे लक्ष ठेवावे, असा अमेरिकेतील संकेत आहे. पॅरिसचा दोष उघडकीस यायला जवळजवळ तीन वर्षे लागली होती.