मुंबई ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

श्रोतेहो, मुंबईहून नागपूर किती लांब, असे कोणी विचारले तर उत्तर एक येत नाही, तीन येतात. आगगाडीने ८३७ किलोमीटर. २०२५ साली पूर्ण झालेल्या समृद्धी महामार्गाने, भिवंडीजवळच्या आमण्यापासून मोजले तर, ७०१. आणि विमानाच्या सरळ वाटेने सुमारे ६८०. यांत खोटे एकही नाही. आगगाडीला कसाऱ्याचा घाट चढायचा असतो, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी गावे घ्यायची असतात. विमानाच्या वाटेत घाटही नाही आणि गावही नाही.

शिक्षकबंधुभगिनींनी हे ६८० मुलांकडूनच काढून घ्यावेत. मुंबई साधारण १९ उत्तर अक्षांशावर, नागपूर २१ वर. फरक दोन अंशांचा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, म्हणून उत्तरेकडे २२२. रेखांशांतला फरक ६.२ अंशांचा. रेखावृत्ते ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात, म्हणून आपल्याकडे रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. तेव्हा पूर्वेकडे ६४५. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मिळाल्या, आता कर्ण काढा. ६८२ येईल. पृथ्वी गोल असल्याने हा हिशेब ढोबळ खरा, पण एवढ्या अंतराला चालून जातो.

आता वेळ. जेट विमान ताशी ८०० किलोमीटर धरले तर ६८० किलोमीटरला ५१ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेले असते. का बरे? विमानाला जमिनीवरून सावकाश धावपट्टीपर्यंत जावे लागते. चढताना नि उतरताना पुरा वेग मिळत नाही. मुंबईला उतरणाऱ्यांची गर्दी असली, तर आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावरचा वारा पश्चिमेकडून वाहतो. तो नागपूरला जाताना पाठीशी, परतताना समोर.

हे सारे सांगायचे कारण असे. समजा, वर्ध्याजवळच्या खेड्यातला रुग्ण परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचा आहे. घरचे म्हणतात, विमानाने दीड तासात पोहोचू! पण खेड्यातून नागपूरचा विमानतळ दोन तास, तिथे आधी पोहोचायचे दोन तास, उड्डाण दीड, आणि उतरल्यावर सामान घेऊन परळ गाठायला दीड. झाले की सात तास! रात्रीची गाडी दहा-बारा तास घेते, पण रुग्ण आडवा झोपून जातो आणि खर्च थोडा. ज्याला इतका वेळ हादरे सोसवणार नाहीत, त्याच्यासाठी विमानच बरे. मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. निर्णय आपला, पण हिशेब घराच्या उंबरठ्यापासून करावा.

टपाल खात्याने हे फार पूर्वी ओळखले होते. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली विमाने रात्री नागपूरला भेटत, थैल्यांची अदलाबदल करत आणि परत फिरत. विमाने आजच्याइतकी वेगवान नव्हती. तरी लोक झोपेत असताना पत्रे देशभर पोहोचत, कारण दोन्ही टोकांची व्यवस्था नेटकी होती.

तेव्हा श्रोतेहो, कोणी नुसते तास सांगितले, तर एकच विचारा : कुठून कुठपर्यंत?