मे नव्हे, जुलै सांभाळा

आमच्या अधारतालला, कृषी विद्यापीठाच्या अंगणातच म्हणा ना, सगळे गोठेवाले मे महिन्याला घाबरतात. हिशेब करा. ४२ अंश तापमान, १५ टक्के आर्द्रता : उष्मा-आर्द्रता निर्देशांक ८४. पावसाळ्यात ३१ अंश, ९० टक्के : ८६! संकरित गाईला ७२च्या पुढेच त्रास सुरू होतो. मग ती बसत नाही, उभ्यानेच धापा टाकते.

त्यात कंपोस्ट गादीचा गोठा असेल तर भुसा आतून ४५-५० अंश तापतो. तापू द्या, त्यानेच ओल उडते. मात्र रोज दोनदा उकरा. मूठ दाबून पाणी सुटलं तर कोरडा भुसा टाका, नाहीतर कासदाह ठरलेला. जुलैत फॉगर बंद, पंखे चालू. फौजेत तंबू ठोकण्याआधी वारा बघायचो. गोठ्यालाही भिंती नंतर.