पोरीची चूक?



२५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून निघालेले सेसना १५२ जातीचे शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळले. आत बावीस वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटीच. दुखापतीवर निभावले. पण आमच्या कानांवर पहिला निकाल आला तो हा : "पोरीला उतरवता आले नसेल!"

आम्ही यंत्रमाग कामगारांत आयुष्य काढले; हा निकाल आमच्या ओळखीचा आहे. पट्ट्यात बोट गेले की 'कामगार गाफील' असे लिहून कागद बंद. पट्ट्याला जाळी का नव्हती, हे कोण विचारतो?

विमानांचा कायदा मात्र शहाणा. अपघात-चौकशीचे नियम सांगतात, चौकशी पुढचा अपघात टाळण्यासाठी. दोष वाटण्यासाठी नव्हे. मग इंजिन कसे होते, इंधन किती होते, उतरण्याचा सराव किती झाला, असे प्रश्न निघतात. एकच इंजिन, हजार फुटांवर ते थांबले तर विमान फार तर अडीच किलोमीटर तरंगणार, तेवढ्यात मोकळे शेत हेरायचे!

ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळ एकाच शाळेची दोन विमाने चार दिवसांत पडली. सरकारने त्या शाळेचे प्रशिक्षणच थांबवले. यंत्रमागाच्या एखाद्या शेडला असा हुकूम आलेला आम्ही अजून पाहिलेला नाही.