त्वचेची कैफियत



१९७६ साली वसवलेल्या या नोएडा नगरीत मराठी शल्यवैद्यांनी एकत्र जमावे आणि अध्यक्षपदाचा मान मला द्यावा, याबद्दल आभार मानून मी विषयाकडे वळतो.

१७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेत बैल हाकण्याच्या कामावर तैनात असलेला कावसजी नावाचा मराठी शेतकरी टिपूच्या कैदेत नाक आणि एक हात गमावून परतला. आणि वर्षाहून अधिक काळ तशाच अवस्थेत काढल्यावर पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक दिले. मेणाचा पातळ साचा नाकाजागी बसवून पाहायचा, तोच कपाळावर सपाट पसरून त्याची कड आखायची, तेवढी त्वचा सोडवायची, भुवयांमधला अरुंद देठ तेवढा राखायचा आणि मग ती अर्धी पिळून खाली आणून तिच्या कडा ताज्या छेदात खोवायच्या, असा तो विधी होता. टाक्याचा उल्लेखच नाही. पाण्यात कालवलेल्या कातात माखलेल्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक, चार दिवसांनी तुपात भिजवलेल्या पट्ट्या, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठाचा छेद. क्रूसो आणि फिंडले या इंग्रज शल्यवैद्यांनी हे पाहिले, ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते छापून आले आणि त्याच आधारावर कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. पाहणाऱ्यांची नावे उरली. करणाऱ्याचे नाव त्या वृत्तांतात नाही, ही गोष्ट मला आजही बोचते.

त्या देठातून रक्त येत राहिले म्हणून त्वचेतील पेशी जगल्या आणि छेदाच्या दोन्ही बाजूंना कोलॅजेनचे तंतू विणू लागल्या. अंतस्त्वचेच्या शुष्क वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग या एकाच प्रथिनाचा. त्याची तीन पेडांच्या वेणीसारखी रचना १९५४-५५ मध्ये मद्रासला रामचंद्रन आणि कर्था यांनी उलगडली. जखमेत आधी तिसऱ्या प्रकारचे कोवळे कोलॅजेन येते, त्याची जागा सावकाश पहिल्या प्रकारचे घेते, आणि तरीही व्रणाला मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांहून अधिक बळ कधी येत नाही.

वार्धक्याचे संशोधन याच तंतूंशी येऊन थांबते. त्वचेतील कोलॅजेनचे अर्धायुष्य सुमारे १५ वर्षांचे, म्हणजे आज आपल्या अंगावर जे आहे त्यातील बराच अंश फार जुना. प्रौढपणी त्याचा साठा वर्षाला सुमारे एक टक्का घटतो, आणि ऊन या ऱ्हासास जबर हातभार लावते, कारण अतिनील किरणांनी कोलॅजेन तोडणारी विकरे जागृत होतात. इथल्या टोलेजंग इमारतींच्या परांच्यांवर काम करणाऱ्या मजुराची मान आणि त्याचीच सदऱ्याखालची पाठ शेजारी ठेवून पाहिली, की वय आणि ऊन यांचे हिशेब वेगळे मांडता येतात. कोलॅजेनच्या मलमांविषयी मात्र मी स्पष्ट बोलेन : इतका अवाढव्य रेणू अखंड त्वचेच्या बाह्य थरातून आत जात नाही, आणि त्याची पूड गिळली तर पचनसंस्था तिचे तुकडे करते. या पुडीच्या गुणांचे दाखले देणाऱ्या बऱ्याच चाचण्या उत्पादकांच्याच पैशावर चाललेल्या असतात, हेही रुग्णाच्या कानावर घातले पाहिजे.

बाजार ज्या सुरकुतलेल्या त्वचेला तुच्छ लेखतो, तीच भाजलेल्या माणसाच्या कामी येते. डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने २००० साली मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घेतलेली त्वचा ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये काही वर्षे टिकते, रक्तगट जुळावा लागत नाही, आणि वृद्ध दात्याची त्वचाही चालते. ती कायमची रुजत नाही, काही आठवड्यांत शरीर तिला नाकारते. पण तेवढ्या अवधीत द्रव आणि जंतू यांपासून संरक्षण मिळून रुग्ण स्वतःच्या त्वचेच्या रोपणापर्यंत तग धरतो.

या परिसरातील मराठी मंडळांच्या गणेशोत्सवात नेत्रदानाच्या अर्जाशेजारी त्वचादानाचा अर्जही ठेवावा, अशी माझी सूचना आहे. प्रेत विद्रूप होईल काय, असे लोक पहिल्यांदा विचारतील. त्यांना सांगावे की मांड्या, पाय आणि पाठ येथूनच अगदी पातळ थर घेतला जातो, आणि चेहऱ्याला हात लावला जात नाही.