घर घेण्याआधी नकाशाचा रंग पाहा



नागपूरच्या नंदनवन भागात घर घ्यायला निघालेलं कुटुंब पुष्कळ गोष्टी पाहून घेतं. नळाला पाणी किती वेळ येतं, केडीके कॉलेज किती लांब, प्लॉट पूर्वमुखी आहे का, विकणाऱ्यावर कर्ज आहे का. वकील सर्च रिपोर्ट देतो, बँक कर्ज मंजूर करते. एक कागद मात्र बहुतेकदा राहून जातो, तो विकास योजनेचा भाग नकाशा. आपला प्लॉट निवासी पट्ट्यात आहे की शेतीच्या, त्यावरून उद्या रस्ता जाणार की त्यावर शाळेचं आरक्षण पडलंय, हे त्या नकाशाच्या रंगांवरून कळतं. विक्रीपत्रात ते लिहिलेलं असेलच, असं नाही.

याची झळ नागपूरनं सोसली आहे. शहराच्या कडेच्या शेतांचे खसरे तुकड्यातुकड्यांनी विकले गेले, कामगारांनी आणि छोट्या नोकरदारांनी हप्त्याहप्त्यानं प्लॉट घेतले, घरं बांधली, मुलांची लग्नं त्याच अंगणात लावली. नकाशावर मात्र तिथं शेतीच होती. ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे अशा अनधिकृत लेआउटचे आकडे इथल्या घराघरांत बोलले जातात, ते यामुळेच. २००१ साली राज्यानं गुंठेवारी कायदा केला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट शुल्क भरून नियमित करण्याची वाट त्यानं उघडली, आणि पुढं २०२१ च्या दुरुस्तीनं ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. १९३६ च्या कायद्यानं स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या, म्हणजे नासुप्रच्या, नियमितीकरण पत्राला लोक ‘आरएल’ म्हणतात. आरएल असलेला आणि नसलेला असे दोन प्लॉट एकाच गल्लीत शेजारी असले तरी दोघांची किंमत वेगळी. एकाला बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेता येतो आणि बँकेच्या दारात उभं राहता येतं. दुसऱ्याला दोन्हीकडे अडचण. आणि प्लॉट आरक्षणात सापडला, तर पैसे भरायची तयारी असूनही वर्षानुवर्षं खेटे घालावे लागतात.

अशा मालकाच्या हाती कायद्यानं एक साधन दिलेलं आहे, ते फार थोड्यांना माहीत असतं. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७. विकास योजना अमलात येऊन १० वर्षं झाली आणि आरक्षित जमीन घेतलीच गेली नाही, तर मालकानं मालकीच्या कागदांसह नोटीस द्यायची. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठी पावलंही उचलली गेली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. नागपूरची विकास योजना २००० साली लागू झाली, तेव्हा १० वर्षांची अट त्या योजनेतल्या आरक्षणांपुरती कधीच पूर्ण झाली आहे.

आता नियोजनाच्या नियमांची दुसरी बाजू, ज्यात एकाला फायदा होतो आणि शेजाऱ्याला त्रास. नंदनवनच्या उत्तरेला सेंट्रल अव्हेन्यूवरून प्रजापती नगरपर्यंत मेट्रो ११ डिसेंबर २०२२ पासून धावते. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत जास्त एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात जास्त बांधकाम, देणारं धोरण त्याआधीच, २०१७ मध्ये आलं. प्लॉटचा आकार आणि रस्त्याची रुंदी पुरेशी असेल, तर हा एफएसआय ४ पर्यंत जातो. या पट्ट्यात येणाऱ्या मालकाला बिल्डर चांगला भाव देतो, यात त्याचं भलं आहे. पण दोन मजली घरांच्या गल्लीत उंच इमारत उभी राहिली की तीच पाण्याची लाइन, तीच गटार, तोच रस्ता आणि त्यावर तिप्पट गाड्या. शेजाऱ्याच्या अंगणातलं ऊन जातं, आणि त्याबद्दल त्याला कुणी एक पैसाही देत नाही. निवासी भागात दुकानं, दवाखाने, वसतिगृहं यायला लागली की असंच होतं. एकाच्या हाती भाडं येतं, गाड्यांचा त्रास मात्र अख्ख्या गल्लीला.

म्हणूनच योजनेत असा बदल होण्याआधीचा एक महिना फार मोलाचा. मंजूर योजनेत फेरबदल करायचा असेल, तर कलम ३७ नुसार राजपत्रात सूचना काढून लोकांकडून हरकती मागवाव्या लागतात. त्यासाठी महिनाभराची मुदत असते. पण राजपत्र वाचतो कोण? ज्या गल्लीचा झोन बदलायचा, त्या गल्लीच्या तोंडाशी मराठीत फलक लावणं आणि त्यावर नकाशा चिकटवणं सक्तीचं असलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

नासुप्रच्या लीजवरच्या प्लॉटवाल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. झोनमध्ये दुकान चालत असलं तरी लीजमध्ये निवासी वापर लिहिलेला असेल, तर प्रन्यासची परवानगी लागते. घेणाऱ्यानं लीजची मुदतही पाहून घ्यावी.

श्रोते हो, इसार देण्यापूर्वी खसरा नंबर आणि मौजा लिहून घ्या. त्या लेआउटचं नियोजन महानगरपालिकेकडं की नासुप्रकडं, ते विचारा आणि तिथून झोन दाखला व भाग नकाशा स्वतः मागा. दलालानं मोबाइलवर दाखवलेल्या फोटोवर भागवू नका. आणि ज्यांचं घर आधीच झालंय, त्यांनी गल्लीतल्या चार घरांना सोबत घ्यावं. झोनबदलाची सूचना निघाली की मुदतीत लेखी हरकत द्या, पोच घ्या, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.