पड कुणाची, पेरा कुणाचा?

(फैजपूरला तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी शेतीतला तज्ज्ञ नाही. माझ्या बापाच्या नावावर सातबारा नव्हता. तरी जमिनीवर बोलायला उभा आहे. ज्याच्याकडे जमीन नसते, त्याला ती कुठे गेली याचा हिशोब तोंडपाठ असतो.

याच फैजपुरात डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, अध्यक्ष नेहरू. सारा कमी करा, खंड कमी करा, असा शेतकऱ्यांचा कार्यक्रम इथे मंजूर झाला. चांगलं झालं. पण सारा कमी होतो तो जमीनवाल्याचा. बिनजमिनीच्या माणसाचं काय कमी होणार? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. एकाच वर्षातले हे दोन कागद शेजारी ठेवून वाचा.

आता मागे चला. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा लढाया, लूट आणि दुष्काळानं कैक गावं ओस पडली होती. शेतांवर झुडपं माजली होती. सरकारी कागदानं तिला नाव दिलं : पड. म्हणजे कुणाचीच नाही ती. कुणाची नाही कशी? सातपुड्याचा भिल्ल तिथूनच मोहा, डिंक आणायचा. गावकुसाबाहेरच्यांची शेळी तिथं चरायची, चुलीचं सरपण तिथलं. फक्त कागद नव्हता. १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभारून भिल्लांना काबूत आणलं, आणि नांगराला वाट मोकळी झाली.

मग आला कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्याच दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. खानदेशचा कापूस मुंबईमार्गे विलायतेला निघाला. पेरा वाढला, पड घटली. १८७८ चा जंगल कायदा आला आणि डोंगरावरही सरकारचं कुलूप बसलं. खाली नांगर, वर गार्ड. मधला माणूस कुठे जाणार? मजुरीला.

ज्वारी माणसाला दाणा देते, गुराला कडबा देते. कापूस कडबा देत नाही. नगदी पीक वाढलं तसा कडबा महागला, गुरं गायरानावर लोटली, गायरान उघडं पडलं. उघडं पडलेलं गायरान हळूहळू शेजारच्या बांधात सरकतं. बांध चालतो, दोस्तांनो. रात्री चालतो, आणि नेहमी एकाच दिशेनं.

नंतर विहीर, मोटर आणि केळी. आज रावेर-यावल म्हणजे केळी. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिमान वाटतो; माझ्या मायनं याच बागांमध्ये जन्म काढला. पण केळी पाणी मागते. भरतं त्याहून जास्त उपसलं, बोअर खोल खोल गेले. खोल जायला पैसा लागतो, म्हणून पाणीसुद्धा पैसेवाल्याच्या मागे गेलं. म्हैस गोठ्यात बांधली तर तिला हिरवा चारा हवा, म्हणजे बागायत हवी. बिनजमिनीच्या घरात उरली शेळी. माय म्हणायची, "बकरीले चराले जागा नाही राह्यली."

एकदा मजुरीवरून वाद झाला. दुसऱ्या दिवशी आमच्या बायांना बांधावरचं गवत कापायला बंदी. मारहाण नाही, शिवी नाही. फक्त गवत बंद. आठ दिवसांत आम्ही शेळ्या विकल्या आणि जुन्याच मजुरीवर कामाला गेलो. तेव्हा मला कळलं, पड म्हणजे काय होतं. पड म्हणजे 'नाही' म्हणायची ताकद होती.

जगभर हेच चाललंय. माणसाला राहण्याजोगी जी जमीन आहे, तिच्यातली जवळपास निम्मी शेती आणि गुरांखाली गेली. ॲमेझॉनचं जंगल जाळून कुरणं केली, तिथलेही आदिवासी आधी हुसकले.

आपली माणसं गप्प बसली नव्हती. १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली खानदेश, नाशिक, मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो देशभर पेटला, लाखो माणसं तुरुंगात गेली. मागणी साधी : पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची दलित-आदिवासींची वहिवाट नियमित करायचं ठरलं. निर्णय झाला, सातबाऱ्यावर नाव चढवायला किती चपला झिजल्या ते घराघरात विचारा. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीपैकी अनुसूचित जातींकडे ९ टक्केसुद्धा नाही.

२०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गावच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगितलं. सरकारी आदेशानं भूमिहीन आणि दलित-आदिवासींना दिलेली जमीन अपवाद म्हणून धरली. नोटीस येते तेव्हा अपवाद कुणी वाचून दाखवत नाही. शंभर वर्षं बांध सरकवणाऱ्याचं नाव प्रगतिशील शेतकरी. आम्ही दोन एकर नांगरलं की अतिक्रमण!

म्हणून पुण्या-मुंबईच्या पोरांनो, भाषणं पुरे. पुढच्या सुट्टीत गावी जा. तलाठ्याकडून गायरानाचा जुना उतारा काढा, नवा काढा. दोन्हींतला फरक मोजा. तो फरक कुणाच्या शेतात पिकतोय ते बांधावर उभं राहून बघा, लिहून काढा आणि ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

मी माझ्या गावचा काढायला घेतलाय.

जय भीम.