देवदाराची भिंत

श्रोतेहो, आपल्याकडे घराला जसा साग, तसा हिमाचलात देवदार. कुलू-किन्नौरकडची जुनी घरं पाहा. एक थर देवदाराच्या तुळयांचा, एक दगडांचा. मध्ये चुना नाही. तिथं या बांधणीला ‘काठकुणी’ म्हणतात. सांधे थोडे हलते असल्यानं धक्का जिरतो. १९०५ च्या कांगडा भूकंपात नग्गरचा असा बांधलेला राजवाडा उभा राहिला.

पाऊस-बर्फ झेलूनही हे लाकूड लवकर कुजत नाही. त्याच्या गाभ्यात सुगंधी तेल असतं. ते वाळवीला अन् बुरशीला मानवत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडात मात्र हा गुण नाही, म्हणून भिंतीला गाभाच हवा.

शिक्षकबंधूंनो, मुलांना एवढं जरूर सांगा: असा जाडजूड गाभा तयार व्हायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही. आजोबांनी राखलेलं झाडच नातवाच्या घराला लागतं.